कोर्द-स्यूर-सिएल : गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला नेऊ की नको?

गारोनकाठ

नमस्कार मंडळी. फ्रान्समध्ये तुलूजला येऊन मला दोन वर्षं झाली. येत्या ऑक्टोबरमध्ये आई तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे येतेय. वय ६९. दीड वर्षापूर्वी उजव्या गुडघ्याचं नी रिप्लेसमेंट झालंय. सपाटीवर तासभर आरामात चालते, जिना कठडा धरून चढते, उतरताना मात्र दर चार पायऱ्यांना थांबते.

आईने शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. लहानपणी आम्हाला गडावर नेलं की माथ्यावर जायची घाई ती कधीच करायची नाही. आधी दरवाजापाशी उभं करायची आणि विचारायची, "हा दरवाजा खालून का दिसला नाही? शत्रू इथवर आला तर त्याच्या अंगावर कुठून काय पडेल?" उत्तर आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. त्यामुळे तिला पॅरिस दाखवायच्या आधी इथलं एखादं तटबंदीचं डोंगरमाथ्यावरचं गाव दाखवावं असं मनात आहे. सगळे कोर्द-स्यूर-सिएलचं नाव घेतात. पण फोटोंत चढ पाहिला आणि माझा धीर खचला.

चढ झेपेल का? सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं की एक रात्र राहावं? माझ्याकडे कार नाही. आणि आई मांस-मासे खात नाही, अंडंही नाही. कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

पायपीट

थेट सांगतो. चढ खडा आहे, रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत आणि ते गोटे शेकडो वर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेत. आम्ही ऑगस्टमध्ये भर दुपारी गेलो होतो. खालच्या वाहनतळापासून पायी निघालो. माझे बाबा अर्ध्या वाटेवरच्या एका ओट्यावर बसले ते तिथेच राहिले. मी वर जाऊन घाईघाईत फोटो काढून परत आलो. त्यांना वरचं काहीच दिसलं नाही ही बोच अजून आहे.

त्यापेक्षा प्युसेल्सी पाहा. तेही तटबंदीचं, तेही टेकडीवर, ग्रेझीन्यच्या ओकच्या जंगलाकडे तोंड केलेलं. कार थेट वरपर्यंत जाते आणि एकदा पोचलं की गाव बरंचसं सपाट आहे. गर्दीही कमी. अर्थात कार हवी, ही अडचण आहेच.

देवडी

पायपीट, तुमच्या बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण ऑगस्टची दुपार आणि ऑक्टोबरची सकाळ यांत फार फरक आहे. गारोनकाठ, आईंना न्या. मी आल्बीत राहते, अकरा वर्षं झाली. कोर्द इथून पंचवीस किलोमीटर. किती वेळा गेले त्याची मोजदाद नाही, पण दोनदा सासऱ्यांना घेऊन गेले आहे. ते तेव्हा ७४ वर्षांचे होते, हातात काठी होती.

तुमच्या आई दरवाजा आधी बघतात हे वाचलं आणि वाटलं, हे गाव त्यांच्यासाठीच आहे. कोर्दला बघायला बालेकिल्ला नाही, राजवाडा नाही. गाव हाच किल्ला. १२०९ मध्ये कॅथर, म्हणजे चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथीयांविरुद्ध धर्मयुद्ध पुकारून उत्तरेकडचे सरदार या मुलखात उतरले. गावंच्या गावं जाळली गेली. कोर्दजवळची साँ-मार्सेल ही वस्ती त्यांचा सेनापती सिमों द मोंफोर याच्या सैन्याने उद्ध्वस्त केली. त्यानंतर १२२२ मध्ये तुलूजचा काउंट रेमों सातवा याने या टेकडीवर नवं गाव वसवलं. वस्तीला येणाऱ्यांना सनद दिली, करांतून सवलती दिल्या. भोवती तट बांधला. त्या तटाआड कापड आणि कातड्याचा व्यापार इतका वाढला की गाव तटात मावेना. मग बाहेर दुसरा तट, त्याच्याही बाहेर आणखी. खालून वर चढताना तुम्ही एकामागून एक तटांतून आत शिरता, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे जाता. आईंना हे एवढं आधी सांगा, बाकीचं त्या तुम्हाला सांगतील.

आता गुडघ्याचं. सगळा चढ चढायची गरज नाही. माथ्यावरून एकच मोठा रस्ता पूर्व-पश्चिम जातो. त्याच्या पश्चिम टोकाला पोर्त दे झोर्मो, पूर्व टोकाला पोर्ताय पँ. ही आतल्या, सर्वांत जुन्या तटाची दारं. पश्चिमेला झोर्मोच्या थोडं खाली दुसऱ्या तटाचं दार आहे, पोर्त द ला जान. टॅक्सीवाल्याला सांगून या दाराच्या बाहेर उतरा. वरपर्यंत नेतो म्हणाला तरी नको म्हणा. तिथून चढ आहे, पण अंतर थोडं आहे, आणि कोर्दमधली सगळ्यात हुशारीची जागा ह्या एवढ्या अंतरात आहे. शत्रूने जानचं दार फोडलं, आत घुसला, गाव पडलं असं वाटलं. आणि चार पावलं वर येतो तो समोर दोन दणकट गोल बुरुजांचं दुसरं दार! पहिल्या दारापुरतीच तयारी करून आलेला माणूस इथे दोन तटांमध्ये अडकायचा. माझे सासरे त्या दोन दारांमध्ये पाऊण तास होते. मी पुढे चला म्हटलं की म्हणायचे, "थांब गं, अजून जिंकायचंय."

आत शिरल्यावर रस्ता चौकाकडे हळूहळू चढत जातो. चौकात लाकडी छपराचा जुना बाजार आहे, २४ अष्टकोनी खांबांवर उभा. छपरापाशी विहीर, शंभर मीटरहून खोल, अख्खी टेकडी भेदून खाली गेलेली. वेढा पडला तर पाणी आत हवं म्हणून खोदलेली. तिच्याबद्दल एक दंतकथा गावात सगळे सांगतात, की चर्चने चौकशीला पाठवलेल्या तीन पाद्र्यांना चिडलेल्या लोकांनी ह्या विहिरीत फेकलं. दंतकथाच ती, पण त्या काळचा राग किती होता ते त्यातून कळतं.

रस्त्याच्या दुतर्फा व्यापाऱ्यांचे दगडी वाडे आहेत, तेराव्या-चौदाव्या शतकातले. तुमची मान दुखेपर्यंत वर बघा. ग्राँ व्हनर, म्हणजे शिकारप्रमुखाचा वाडा, त्याच्या दर्शनी भिंतीवर अख्खी शिकार कोरलेली आहे. भाला रोखलेला घोडेस्वार, झाडीतून निघालेलं रानडुक्कर, सशामागे लागलेला कुत्रा, शिंग फुंकणारा माणूस. ग्राँ फोकोनिए, म्हणजे ससाणेप्रमुख, त्याच्या वाड्यावर कोरलेले बहिरी ससाणे होते, म्हणून ते नाव. वाड्यांना ही नावं पुष्कळ नंतर पडली, राहत होते व्यापारीच. खिडक्यांच्या मध्ये भिंतीतून बाहेर आलेले लोखंडी हात आणि कड्या दिसतील. त्यांतून लाकडी दांडे अडकवून पडदे सोडत. ह्या कड्या बहुतेकांच्या नजरेतून सुटतात.

फोकोनिएच्या वाड्यात आता कलासंग्रहालय आहे आणि तिथे कोर्दचं भरतकामाचं यंत्रही ठेवलंय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलेनहून अशी यंत्रं इथे आली आणि ओस पडत चाललेल्या गावाला पुन्हा काम मिळालं. नाहीतर हे वाडे उभे दिसले असते का, शंका आहे.

रात्र राहाच. हे मी आग्रहाने सांगते. दिवसभरासाठी आलेली माणसं पाच-सहाला उतरली की वर गाव उरतं. आल्बीतून संध्याकाळी मुद्दाम मी तेवढ्यासाठी गेले आहे. आणि ऑक्टोबर असेल तर सकाळी धुकं मिळण्याची आशा आहे. खालून सेरू नदी वाहते. निरभ्र थंड रात्री गार हवा दरीत साचते, नदीच्या ओलाव्याने तिचं धुकं होतं आणि टेकडीचा माथा तेवढा वर राहतो. गावाचं नाव आधी नुसतं कोर्द होतं, स्यूर-सिएल, म्हणजे आभाळावरचं, हे १९९३ मध्ये जोडलं. चौकाजवळ प्लास द ला ब्रीद नावाची मोकळी जागा आहे, झाडांची, बाकांची. तिथून दरी दिसते. सकाळी लवकर तिथे बसा. पोस्टकार्डावरचं ढगांत तरंगणारं गाव बघायचं तर समोरच्या टेकडीवर जावं लागतं, त्याला कार हवी. पण वर बसून आपल्या पायांखाली ढग बघणं मला जास्त आवडतं.

उतरायचं मात्र पायी नको. चढण्यापेक्षा उतार गुडघ्याला वाईट, आणि पावसाने ओले झालेले गोटे तर फारच. रबरी तळव्यांचे बूट, एक काठी, आणि परतीला टॅक्सी पुन्हा जान दारापाशीच बोलवा. खालच्या गावातून वर नेणारी छोटी पर्यटक-ट्रेन असते, पण ऑक्टोबरमध्ये ती रोज धावेलच असं धरून चालू नका.

कसं पोचायचं: तुलूज मातबियोहून ट्रेन, स्टेशनाचं नाव कोर्द-व्हँद्राक. स्टेशन व्हँद्राकला आहे, गावापासून पाचेक किलोमीटर, आणि बाहेर टॅक्सी उभी नसते. आदल्या दिवशी फोन करून ठरवा. थेट ट्रेन कमी आहेत, त्यामुळे येतानाची आणि जातानाची दोन्ही वेळ आधी बघून मगच खोली घ्या.

जेवण. दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. गावात गोडाचं म्हणून क्रोकाँ मिळतात, बदामाची पातळ कुरकुरीत बिस्किटं, पण त्यांत अंड्याचं पांढरं असतं, तेव्हा आईंना नको. इकडे आलिगो मिळतं, चीज घालून घोटलेला बटाटा, तार सुटते त्याला. चीज बनवताना बहुतेक वेळा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, ते चालतं का आईंना विचारून घ्या. ऑक्टोबरात मोआसाकची शास्ला द्राक्षं असतात, सोनेरी, पातळ सालीची. ती, अक्रोड, पाव आणि तुमच्या घरचे ठेपले किंवा दशम्या बरोबर ठेवा, म्हणजे वेळेचं बंधन राहत नाही.

सेरूपार

देवडी, सुंदर प्रतिसाद. एक सावधगिरीची सूचना. ठिकाण शोधताना नाव पूर्ण लिहा. फक्त कोर्द लिहिलं की कधी कोर्द-तोलोसान निघतं, ते गाव शेजारच्या जिल्ह्यात, पार वेगळ्या दिशेला. आणि गोर्द तर प्रोव्हाँसमध्ये आहे, तेही डोंगरमाथ्यावरचं, तेही प्रसिद्ध. माझ्या मावसबहिणीने खोली गोर्दमध्ये घेतली होती आणि हे तिला तुलूजमध्ये उतरल्यावर कळलं. मधलं अंतर काही तासांचं. पैसे परत मिळाले नाहीत.

शनिवारी सकाळी खालच्या गावात बाजार भरतो. जमलं तर तो दिवस धरा.

पायपीट

देवडी, धन्यवाद. आम्ही पूर्वेकडून, सगळ्यात लांबच्या बाजूने चढलो होतो. जान दारापाशी उतरता येतं हे ठाऊक असतं तर बाबा वर आले असते. पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा येतायत. गारोनकाठ, जाऊन आलात की नक्की लिहा, मी वाट बघतो.

गारोनकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. देवडी, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. तिने मध्येच थांबवून विचारलं, "दोन दारांच्या मध्ये वळण आहे का गं? डावीकडे की उजवीकडे?" मला सांगता येईना.

एकच विचारायचंय. पूर्वेकडची दारं मग बघायचीच नाहीत का?

देवडी

आतून बघायची. पोर्ताय पँपर्यंत वरच्या रस्त्याने जा. तिथे वरून खाली सोडायच्या जाळीदार दाराच्या खाचा दगडात दिसतात, बोट घालून बघता येतात. तिथून खालचं पोर्त द्यू व्हाँकर हे दुसऱ्या तटाचं दार. तितकं उतरायचं की नाही ते आईंना त्या दिवशी ठरवू द्या, कारण उतरलं की तेवढं परत चढायचं आहे. त्याच्याही खाली घड्याळाचं दार आणि पाटेर नोस्टेरचा जिना. त्या जिन्याला त्याच नावाच्या लॅटिन प्रार्थनेत जितके शब्द तितक्या पायऱ्या आहेत. तो टॅक्सीने जाता-येता खालून बघा.

वळणाचं उत्तर आईंनाच तिथे शोधू द्या.

गारोनकाठ

जाऊन आलो! परवा, मंगळवारी गेलो आणि काल परत आलो. उशीर न करता लिहितेय.

व्हँद्राकला टॅक्सी वेळेवर उभी होती. जान दाराबाहेर उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते, आभाळ भरलेलं, रस्त्यावर आम्ही दोघी आणि एक मांजर. आईने काठी टेकली, दाराकडे पाहिलं आणि मला विचारलं, "तू शत्रू की मी?" मी शत्रू झाले. ती एकेक पाऊल टाकत पुढे गेली, झोर्मोच्या बुरुजापाशी उभी राहिली आणि तिथून मला सांगत राहिली, आता तुझ्या डाव्या खांद्यावर दगड पडला, आता तुझी शिडी इथे उभीच राहणार नाही. दोन दारांच्या मध्ये आम्हालाही पाऊण तास लागला. देवडी, तुमच्या सासऱ्यांची गोष्ट तिला आधीच ठाऊक होती. म्हणाली, "ते असते तर आम्ही दोघांनी मिळून गाव राखलं असतं."

आठवड्याचा मधला दिवस असल्यामुळे पुष्कळ दुकानं बंद होती. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. बाजाराच्या छपराखाली दशम्या आणि द्राक्षं खाल्ली. विहिरीपाशी आई बराच वेळ गप्प उभी होती. मग म्हणाली, "ही खोदायला किती जीव खाली उतरले असतील. वाड्यांवर शिकाऱ्यांचं कोरीव काम आहे, त्यांचं कुठेच नाही." मी ते दंतकथेचं सांगायला गेले तर म्हणाली, नंतर सांग.

लोखंडी कड्या मीच आधी दाखवल्या, ह्याचा मला फार आनंद झाला. ग्राँ व्हनरच्या भिंतीवरचा ससा तिने शोधला.

संध्याकाळी खरंच गाव रिकामं झालं. हॉटेलच्या बाईंना सकाळीच कागदावर लिहून दिलं होतं, मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. त्यांनी घट्ट भाजीचं सूप, भाजलेला भोपळा आणि पाव दिला. आईने सूप दोनदा मागून घेतलं.

धुक्याचं सांगते. इकडे ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो. आम्ही साडेसातलाच शाली गुंडाळून प्लास द ला ब्रीदला जाऊन बसलो. काही दिसेना. धुकं खाली दरीत नव्हतं, आमच्या अंगावर होतं. समोरचं झाड दिसत नव्हतं. मी खट्टू झाले, चल म्हटलं, नाश्ता करू. आई म्हणाली, बस गं. सव्वानऊच्या सुमाराला आधी झाडाचा शेंडा दिसला, मग कठडा, आणि मग ते सगळं पांढरं आमच्या पायांखाली खाली खाली जाऊ लागलं, दूध ओतून घ्यावं तसं. पलीकडच्या टेकड्यांचे माथे वर आले. चर्चची घंटा वाजली. आईने माझा हात धरला होता, तो तिने तसाच ठेवला.

परतताना टॅक्सीवाल्याने आपणहून घड्याळाच्या दाराच्या बाजूने नेलं आणि पाटेर नोस्टेरच्या जिन्यापाशी थांबला. आईने मला प्रार्थनेचे लॅटिन शब्द फोनवर काढायला लावले. मी एकेक शब्द वाचला आणि ती एकेक पायरी चढली. पाटेर. नोस्टेर. क्वी. एस. इन. चेलिस. सहाव्या पायरीवर थांबली, मागे वळून टॅक्सीवाल्याला हात केला आणि माझ्या खांद्यावर भार देऊन सहा पायऱ्या उतरली. रात्री गुडघ्याला बर्फ लावला. आज सकाळी ठीक आहे, थोडी सूज आहे.

पायपीट, बाबांना नक्की न्या. जान दाराबाहेर उतरा, दुपारच्या आधी, आणि पावसाची शक्यता असेल तर दिवस बदला. ओल्या गोट्यांवर माझाच पाय दोनदा घसरला.

वळण उजवीकडे की डावीकडे हे इथे लिहू नकोस असं आईने बजावलंय.

ता. क. आई विचारतेय, ह्याच ट्रेनच्या वाटेवर पुढे नाजाक आहे, तिथे खरा किल्ला आहे म्हणे. तिथला चढ कसा आहे?

देवडी

वाचता वाचता डोळे भरून आले. सासऱ्यांना रात्री फोन करून सांगते.

नाजाकला स्टेशन अगदी खाली, आव्हेरों नदीच्या काठाला आहे आणि गाव वर, एका लांब धारेवर एकाच रस्त्याने पसरलेलं. किल्ला त्याच्या एका टोकाला उंचावर. १२५३ मध्ये आल्फोंस द प्वातिए याने तो नव्याने बांधून घेतला, रेमों सातव्याचा जावई तो, म्हणजे कोर्दचीच पुढची गोष्ट. स्टेशनहून पायी चढायचा विचारही करू नका. किल्ला उघडा असल्याची वेळ मी आधी फोन करून विचारते. पुढच्या बुधवारी मला सुट्टी आहे. तुम्ही दोघी ट्रेनने नाजाकला उतरा, मी कार घेऊन खाली स्टेशनवर थांबते. गुडघ्याची सूज उतरली असेल तरच हं. आणि दशम्या ह्या वेळी मी आणते.